भिंगावरचे आकडे आणि कारखान्याची बारनिशी

छायाचित्रणाच्या भिंगाच्या पुढील कड्यावर, जेथे निर्मात्याचे नाव, रचनेचे नाव आणि नाभीय अंतर कोरलेले असते, तेथेच पाच, सहा किंवा सात अंकांची एक संख्याही कोरण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. कारखानदाराने हा अनुक्रमांक घातला तो स्वतःच्या सोयीसाठी : माल कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झाला, दुरुस्तीस परत आलेला नग कोणत्या घडणीचा आहे, चोरीस गेलेला नग मुळात कोणाचा होता, या गोष्टींची शहानिशा दप्तरातून करता यावी, एवढाच त्यामागचा हेतू. परंतु घरच्यांसाठी केलेली खूण बाहेरच्यालाही वाचता येते. आणि असे वाचणारे जसजसे वाढत गेले, तसतसा एक प्रश्न पुढे आला, की ज्या कारखान्याचे दप्तर आपल्याला पाहावयास मिळत नाही, किंवा जे युद्धात जळून गेले, त्या कारखान्यातून अमुक एका जातीची भिंगे एकंदर किती निघाली आणि दरसाल किती निघत गेली, याचा अंदाज केवळ हाती आलेल्या काही नगांच्या क्रमांकांवरून बांधता येईल काय.

हा प्रश्न विचारणारे निरनिराळ्या हेतूंनी विचारतात. संग्राहकाला दुर्मीळता ठरवावयाची असते, कारण तिच्यावर किंमत ठरते. उद्योगाच्या इतिहासकाराला मंदी, युद्ध आणि फाळणी यांचे पडसाद कारखान्याच्या उत्पादनात कसे उमटले ते पाहावयाचे असते. आणि शत्रुराष्ट्राला काय पाहावयाचे असते ते सांगण्याची आवश्यकता नाही. गेल्या पाऊणशे वर्षांत या विषयावर जे काही लिहिले आणि मोजले गेले, ते एकत्र ठेवून पाहिले असता माझे मत असे झाले आहे, की यातला गणिताचा भाग लहान असून तो बहुतांशी सुटलेला आहे. उरलेला आणि खरा कठीण भाग, क्रमांक देणाऱ्या कारकुनाची वहिवाट समजून घेण्याचा आहे.

गणितापासून आरंभ करणे सोयीचे. केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या संभाव्यताविषयक ग्रंथात एक कोडे आहे, ज्याचे श्रेय ते मॅक्स न्यूमन या गणितज्ञाला देतात. परमुलखात प्रवास करणारा एक गृहस्थ गाडी बदलण्यासाठी अपरिचित गावी उतरतो, आणि त्याच्या दृष्टीस पडणारी पहिलीच ट्रामगाडी शंभर क्रमांकाची असते. तर त्या गावी एकंदर किती ट्रामगाड्या असाव्यात? शंभरांहून कमी नाहीत हे उघड आहे. परंतु दहा हजार असतील असेही सहसा कोणास वाटत नाही, आणि मनाचा कल दोनशेच्या आसपास स्थिरावतो. हा कल निराधार नाही हे दाखविणे हेच त्या कोड्याचे प्रयोजन. याच जेफ्रीजांच्या मार्गदर्शनाखाली कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजला संशोधन केले आणि परत येऊन पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहिली. नमुन्यातून काढलेल्या कोणत्या एका राशीत अज्ञाताविषयीची सगळी माहिती सामावते, हा जो पर्याप्ततेचा प्रश्न, तो हुजूरबाजारांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय होता. आणि आपल्या प्रस्तुत प्रश्नात त्याचे उत्तर इतके साधे आहे की विद्यार्थ्यांना पर्याप्तता शिकविताना हेच उदाहरण पुष्कळदा घेतले जाते. क्रमांक एकापासून सलग दिले गेले असतील आणि नमुना निःपक्षपाती असेल, तर पाहिलेल्या क्रमांकांपैकी सर्वांत मोठा क्रमांक आणि नमुन्यातील नगांची संख्या, एवढे दोनच आकडे ठेवून बाकीची यादी फाडून टाकली तरी एकूण संख्येविषयीचे काहीही हरवत नाही.

या गणिताला व्यवहारात उतरविण्याचे श्रेय दुसऱ्या महायुद्धाकडे जाते. लंडनच्या अमेरिकन वकिलातीतील आर्थिक युद्धविभागाने १९४३ च्या आरंभी हस्तगत जर्मन सामग्रीवरील खुणा आणि क्रमांक जमविण्यास सुरुवात केली. प्रथम टायर, मागाहून रणगाडे, असा त्यांचा क्रम होता. रणगाड्याच्या सांगाड्याचे आणि इंजिनांचे क्रमांक गुंतागुंतीचे निघाले. परंतु गिअरबॉक्सचे क्रमांक जवळजवळ अखंड मालिकेत असल्याचे आढळले आणि तेच मुख्य आधार ठरले. दोन हस्तगत रणगाड्यांच्या चौसष्ट चाकांवरून, ती ओतण्यासाठी किती साचे वापरात असावेत याचा अंदाज बांधून, एका साच्यातून महिन्याला किती चाके निघतात ते ब्रिटिश कारखानदारांना विचारून, या विश्लेषकांनी फेब्रुवारी १९४४ मधील पँथर रणगाड्यांचे उत्पादन २७० ठरविले. युद्धानंतर जर्मन दप्तर हाती आले तेव्हा त्यात २७६ हा आकडा निघाला. रिचर्ड रगल्स आणि हेन्री ब्रोडी यांनी १९४७ साली ही हकीकत अमेरिकन संख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तीतले तीन महिन्यांचे आकडे आजही उद्धृत होतात. जून १९४० साठी हेरखात्याचा अंदाज मासिक १,००० रणगाड्यांचा, क्रमांकांवरून काढलेला १६९ चा आणि दप्तरातला आकडा १२२. जून १९४१ साठी अनुक्रमे १,५५०, २४४ आणि २७१. ऑगस्ट १९४२ साठी १,५५०, ३२७ आणि ३४२. हेरांना जे कळले नाही, ते लंडनात बसलेल्या हिशेबनिसांना धातूवरच्या आकड्यांतून कळले, या गोष्टीने ही पद्धती इतकी गाजली की तिच्या मर्यादांकडे पुढे पुष्कळांचे दुर्लक्ष झाले.

सूत्र असे आहे. पाहिलेल्या क्रमांकांपैकी जो महत्तम, त्याला नमुन्यातील नगांच्या संख्येने भागावे, आलेला भागाकार त्या महत्तम क्रमांकातच मिळवावा आणि बेरजेतून एक वजा करावा. यामागचा विचार सरळ आहे : पाहिलेले क्रमांक आपसांत सरासरीने जेवढे अंतर ठेवून पसरलेले आहेत, साधारण तेवढेच अंतर सर्वांत मोठ्या पाहिलेल्या क्रमांकाच्या पलीकडे, अदृष्ट टोकापर्यंत, असावे. ट्रामगाडीच्या कोड्यात एकच नग पाहिल्यामुळे उत्तर १९९ येते. भिंगांचे एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या मालिकेतील वीस भिंगे पाहण्यात आली आणि त्यांतील सर्वांत वरचे, आरंभापासून मोजता, १,८०० वे होते. तर अनुमान १,८८९ चे निघते आणि त्यातील संभाव्य विचलन सुमारे नव्वदाचे. मालिकेचा आरंभही ठाऊक नसेल, तर महत्तम आणि लघुतम यांच्या अंतराला नगसंख्येपेक्षा एकाने अधिक अशा आकड्याने गुणावे, एकाने उण्या अशा आकड्याने भागावे आणि एक वजा करावा. सूत्रांची ही बाजू लिओ गुडमन यांनी १९५२ मध्ये व्यवस्थित मांडली. यापुढे गणिताने सांगण्यासारखे फारसे उरत नाही. आणि ज्यांना हे सूत्र सापडले त्यांपैकी पुष्कळजण येथेच थांबून, हाती आलेल्या भिंगांचे क्रमांक त्यात भरून, दशांशापर्यंत नेमके वाटणारे उत्तर काढून मोकळे होतात.

पण वर जी दोन गृहीतके घातली, म्हणजे क्रमांक सलग दिले आणि नमुना निःपक्षपाती आहे, ती दोन्ही भिंगांच्या बाबतीत क्वचितच संपूर्ण खरी असतात.

पहिल्याचा विचार आधी करू, कारण त्यातच या विषयाचे मर्म आहे. जर्मनीतील वेत्स्लार येथील लाइट्झचा कारखाना घ्या. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ऑस्कर बार्नाकने घडविलेला लायका कॅमेरा मांडला. या पहिल्या कॅमेऱ्याचे भिंग काढता-घालता येत नव्हते, म्हणून कॅमेऱ्याचा क्रमांक हाच व्यवहारतः भिंगाचाही क्रमांक होता, आणि अनुमान करणाऱ्याच्या दृष्टीने हा सगळ्यांत सुखाचा काळ. मात्र त्यातही एक खाच आहे. विक्रीपूर्वी परीक्षेसाठी जे थोडे कॅमेरे १९२३ च्या सुमारास तयार केले, त्यांचे क्रमांक १०० पासून सुरू होतात. बार्नाकच्या स्वतःच्या वापरातला १०५ क्रमांकाचा कॅमेरा २०२२ च्या जूनमध्ये लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. त्याच्या क्रमांकावरून त्याच्याआधी एकशेचार कॅमेरे झाले असा जो कोणी हिशेब करील, तो पहिल्या पावलालाच शंभरांनी चुकेल. पुढे १९३० नंतर भिंगे बदलता येऊ लागली, तेव्हा आरंभी प्रत्येक भिंग विशिष्ट कॅमेऱ्याला बसवून जुळवावे लागे, आणि अशा भिंगांवर त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक कोरत. हे अंक जोडीची खूण आहेत, त्यांत मोजदाद कसलीच नाही. ते सूत्रात घातले तर लाइट्झने हजाराच्या आत भिंगे करून धंदा बंद केला असे निष्पन्न होईल. तसेच लाइट्झच्या पन्नास मिलिमीटर भिंगांच्या बैठकीवर १६, १९, २२ असे जे बारीक अंक दिसतात, ते प्रत्यक्ष नाभीय अंतर ५१·६, ५१·९ किंवा ५२·२ मिलिमीटर असल्याचे सांगतात. त्यांनाही गुप्त क्रमांक समजून त्यांवर पांडित्य करणारे आढळतात.

सर्व भिंगांना एकाच मालिकेतून क्रमांक देण्याची पद्धती वेत्स्लारला १९३३ च्या सुमारास आली. येथून पुढे क्रमांकांचा अर्थ पालटतो. कारखान्यात एखाद्या जातीच्या भिंगांची खेप करावयाचे ठरले, की तिच्यासाठी क्रमांकांचा एक गट आगाऊ राखून ठेवीत, आणि त्याच्या पुढचा गट सर्वस्वी निराळ्या जातीच्या भिंगांकडे जाई. देवस्थानाच्या कचेरीत पावतीपुस्तके निरनिराळ्या कारभाऱ्यांना वाटून दिलेली असतात, आणि दोनशे एक क्रमांकाची पावती पहिल्या पुस्तकातल्या नव्वदाव्या पावतीच्या आधी फाटलेली असू शकते. तसाच हा प्रकार. त्यामुळे एका जातीच्या भिंगांचे क्रमांक साऱ्या मालिकेत बेटांप्रमाणे विखुरतात, आणि लघुतमापासून महत्तमापर्यंतची वजाबाकी करणारा मधल्या परक्या जातींचीही गणना याच जातीत करून बसतो. शिवाय राखून ठेवलेला गट पुरताच भरला जाई असे नाही. आणि ज्या वर्षाच्या नावे गट राखला त्याच वर्षी ती भिंगे घडली असेही नाही. कॅनडात ओंटारिओतील मिडलंड येथे १९५२ पासून लाइट्झचा जो दुसरा कारखाना उभा राहिला, त्यालाही क्रमांक याच सामाईक मालिकेतून मिळत. ही मालिका १९५२ च्या सुमारास दहा लाखांवर आणि १९६३ च्या सुमारास वीस लाखांवर गेली, म्हणजे दरसाल सुमारे नव्वद हजार क्रमांक खर्ची पडले. हा आकडा साऱ्या कारखान्याच्या व्यापाचे मान सांगतो व तेवढ्यापुरता विश्वसनीय आहे. परंतु त्यावरून कोण्या एका भिंगाच्या उत्पादनाविषयी काहीही म्हणता येत नाही.

मग एका जातीचे अनुमान कसे करावे? यावर उपाय आहे, पण त्याला कष्ट पडतात. त्या जातीचे जितके क्रमांक मिळतील तितके मिळवून चढत्या क्रमाने मांडावेत आणि शेजारच्या क्रमांकांमधील अंतरे पाहावीत. एकाच गटातल्या नगांमधली अंतरे लहानमोठी असली तरी सरासरीच्या आसपास एका ठरावीक रीतीने पसरलेली असतात. सरासरीच्या दहापट, वीसपट अंतर एकाएकी आले की तेथे एक गट संपून दुसरा सुरू झाला असे समजावे, आणि प्रत्येक गटाला दोन्ही टोके अज्ञात असतानाचे सूत्र लावून मग बेरीज करावी. येथे कारकुनाच्या सवयींचे ज्ञान उपयोगी पडते. गट सहसा शंभराच्या वा हजाराच्या पूर्णांकात राखलेले असतात. म्हणून वरच्या उदाहरणात सूत्राने १,८८९ सांगितले असले, तरी त्या कारखान्यात हजारांच्याच खेपा होत असे अन्य आधारांवरून ठाऊक असेल, तर शेवट २,००० वर मानणे अधिक सयुक्तिक, कारण दोन हजारांच्या गटातून घेतलेले वीसही नग १,८०० च्या आत पडण्याचा संभव शेकडा बारा आहे, आणि तो काही नगण्य म्हणता येणार नाही. निखळ गणिताला ही मुभा नाही. परंतु ज्याला कारखान्याची रीत ठाऊक आहे त्याने ती न घेणे हा हट्ट होय.

जपानच्या निप्पॉन कोगाकू कंपनीची रीत आणखी निराळी. १९४८ साली बाजारात आलेल्या तिच्या पहिल्या निकॉन कॅमेऱ्यांचे क्रमांक ६०९ ने सुरू होतात. यातला ६ म्हणजे १९४६ आणि ०९ म्हणजे सप्टेंबर, अर्थात आराखडा कायम झाल्याचा महिना. नगाचा अनुक्रम त्यापुढील अंकांत आहे. सहा लाखांचा भास देणारे हे कॅमेरे प्रत्यक्षात साडेसातशेच्या आसपास झाले. पुढे १९५९ मध्ये निकॉन एफ निघाला, त्याचा आरंभ ६४००००१ पासून झाला आणि अखेर ७४ लाख ५० हजारांच्या घरात. पहिले दोन अंक निर्मितीचे वर्ष दाखवितात, म्हणजे ६४ असेल तर १९६४ चा, ही समजूत विक्रेत्यांत अजून प्रचलित आहे आणि ती खोटी आहे, कारण ६४ ने सुरू होणारे कॅमेरे १९५९ पासूनच विकले जात होते. वजाबाकी करावी तर साडेदहा लाख कॅमेरे व्हावयास हवेत. प्रत्यक्ष उत्पादन सुमारे ८ लाख ६२ हजार. दोन्हींत सुमारे दोन लाखांची जी तफावत आहे, ती क्रमांकांच्या मालिकेत मध्येमध्ये घेतलेल्या उड्यांची आहे. येथे सूत्र बिनचूक चालले असते आणि उत्तर तरीही पाचाला सहा असे चुकले असते, ही गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत बोधप्रद वाटते : क्रमांकांच्या टोकाचा शोध आणि वस्तूंच्या संख्येचा शोध या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सूत्र फक्त पहिली करते.

सांकेतिक क्रमांकांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. सोव्हिएत कारखान्यांनी १९५० नंतरच्या बहुतेक भिंगांवर पहिले दोन अंक वर्षाचे घातले. व्हिविटर या अमेरिकन नावाखाली विकली गेलेली भिंगे जपानी कारखाने करून देत, आणि त्यांच्या पुष्कळशा क्रमांकांत पहिले दोन अंक कारखान्याचे (२२ किनो, २८ कोमिने, ३७ टोकिना), तिसरा वर्षाचा आणि पुढचे दोन आठवड्याचे असत. अशा मालिकांत मोजणी दर वर्षी किंवा दर आठवड्याला नव्याने सुरू होते, म्हणून प्रत्येक कालखंडाला सूत्र स्वतंत्र लावावे लागते आणि नमुना तेवढ्या तुकड्यांत विभागला जातो; परंतु त्याच्या मोबदल्यात काळ फुकट मिळतो. कॅननने भिंगाच्या मागील बाजूस कारखाना, वर्ष आणि महिना यांचा जो संकेत बराच काळ छापला, त्याने तर क्रमांकाकडे न पाहताच काळ सांगण्याची सोय केली.

दुसरे गृहीतक नमुन्याचे. आपल्या हाती येणारी भिंगे ही कारखान्यातून निघालेल्या भिंगांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. ती टिकलेली असतात, विकावयास आलेली असतात, आणि कोणीतरी त्यांचा क्रमांक टिपून ठेवण्याइतके महत्त्व त्यांना दिलेले असते. यातले पहिले, म्हणजे टिकणे, बहुधा निरुपद्रवी असते : दर शंभरांतील साठ भिंगे नष्ट झाली असली, तरी ती साऱ्या मालिकेत सारखी नष्ट झाली असतील तर महत्तम क्रमांकावर आधारलेल्या अनुमानाला बाध येत नाही, फक्त नमुना लहान होतो. अपाय होतो तो संग्राहकांच्या आवडीमुळे. आरंभीच्या क्रमांकांची भिंगे, विशेषतः पहिल्या खेपेतील, त्यांना अधिक मोलाची वाटतात. ती लिलावात अधिक येतात, सूचिपत्रांत छापली जातात, आणि मालिकेच्या वरच्या टोकाची, ज्यांना कोणी विचारीत नाही अशी भिंगे नोंदीबाहेर राहतात. मग नमुना खालच्या बाजूला दाट होतो आणि अनुमान कमी निघते. हा पक्षपात ओळखण्याचा मार्ग सोपा आहे : मालिकेचे चार समान भाग करावे आणि प्रत्येकात किती नग पडले ते मोजावे. ज्या अभ्यासकांनी आपल्या याद्यांना ही साधी परीक्षा लावली नाही, त्यांचे आकडे मी तरी संशयानेच वाचतो.

महत्तमावर सारी भिस्त ठेवण्यात आणखी एक धोका आहे. एकच खोटा क्रमांक पुरे, सारे अनुमान ढासळते. आणि खोट्यांची वाण नाही. फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव आणि मनास येईल तो क्रमांक कोरून विकण्याचा धंदा चांगला चालला. ज्युपिटर या सोव्हिएत भिंगांवर जर्मन झाइस कंपनीचे नाव घालून ती तिच्या ‘सोनार’ जातीची म्हणून विकण्याचाही. प्रामाणिक चुकाही होतात : पुढील नामवलय दुरुस्तीत बदलले गेलेले असते आणि त्यावर दुसऱ्याच भिंगाचा क्रमांक असतो. म्हणून जाणता अभ्यासक, सूत्राला सर्व माहिती महत्तमात सामावलेली दिसत असूनही, उरलेली यादी फाडून टाकीत नाही. सर्व क्रमांकांच्या सरासरीच्या दुपटीतून एक वजा करून येणारे अनुमान गणिताच्या दृष्टीने कमी काटेकोर असले तरी एका खोट्या नगाने ते फारसे हलत नाही. दोन्ही अनुमाने काढून ती एकमेकांपासून दूर पडली, तर वरच्या टोकाचा क्रमांक पुन्हा तपासावा, हे उत्तम.

एकच भिंग दोन निरनिराळ्या याद्यांत आढळणे ही वरकरणी कटकट वाटते, परंतु तिच्यातून एका निराळ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. एका यादीत १२० नग, दुसरीत १५०, आणि त्यांत ९ सामाईक असतील, तर १२० ला १५० ने गुणून ९ ने भागावे, २,००० येतात. मत्स्यशास्त्रज्ञ तळ्यातील मासे मोजण्यासाठी हीच युक्ती करतात. पण हे दोन हजार आज बाजारात फिरणाऱ्या भिंगांचे आहेत, कारखान्यातून निघालेल्यांचे नव्हेत. दोन्ही अनुमाने एकत्र ठेवली तर किती नष्ट झाली याचा अदमास येतो, आणि त्या दिशेने अद्याप फारसे काम झालेले नाही.

आता गतीचा प्रश्न. एकूण संख्या कळली तरी गती कळत नाही. त्यासाठी क्रमांकाबरोबर तारीख लागते, आणि तारखा भिंगावर सहसा नसतात. त्या बाहेरून आणाव्या लागतात : हमीपत्रावरून, विक्रीच्या पावतीवरून, आतल्या भागावर कोणी कारागिराने पेन्सिलीने लिहून ठेवलेल्या खुणेवरून, किंवा कारखान्याच्या रवानगीच्या वहीवरून. यांतील प्रत्येक तारीख वेगळ्या घटनेची असते. भिंग घडले, तपासले गेले, गुदामात पडले, व्यापाऱ्याकडे गेले आणि गिऱ्हाइकाने घेतले, या पाच टप्प्यांत कधी आठवडे जातात तर कधी वर्षे. मंदीच्या काळात तर गुदामातील मुक्काम इतका लांबतो की विक्रीच्या तारखांवरून काढलेली गती उत्पादनाची नसून मागणीची ठरते.

लायकाच्या पहिल्या वर्षांचे प्रकाशित आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १९२५ ची अखेर क्रमांक १,००० वर, १९२६ ची २,४४५ वर, १९२७ ची ५,४३३ वर. म्हणजे, परीक्षेच्या वेळचे क्रमांक वगळता, पहिल्या वर्षी ८७०, दुसऱ्या वर्षी १,४४५, तिसऱ्या वर्षी २,९८८. दरसाल दुपटीच्या आसपास वाढ, आणि १९३० अखेर मालिका साठ हजारांच्या घरात. पण पहिल्या वर्षाची अखेर नेमकी एक हजारावर कशी आली? कारखान्यात वर्ष संपताना हजारावा कॅमेराच तयार झाला असे मानण्यापेक्षा, हजारांचा गट त्या वर्षाच्या नावे टाकला असे मानणे अधिक संभवनीय. नंतरचे आकडे ओबडधोबड आहेत आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटतात.

सरासरी गतीने फसगत कशी होते याला कॅननचे उदाहरण पुरेसे आहे, कारण तेथे कारखानदारच आकडे जाहीर करतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ईएफ भिंगांचा पहिला एक कोटीचा टप्पा ऑगस्ट १९९५ मध्ये आला, म्हणजे आठ वर्षांनी; पाच कोटींचा डिसेंबर २००९ मध्ये आणि दहा कोटींचा एप्रिल २०१४ मध्ये. सत्तावीस वर्षांची सरासरी काढली तर दरसाल सदतीस लाख येतात, परंतु हा आकडा कोणत्याच काळाचे यथार्थ वर्णन करीत नाही : पहिल्या आठ वर्षांत दरसाल बारा-तेरा लाख होत होते, आणि शेवटच्या बावन्न महिन्यांत दरमहा साडेनऊ लाखांहून अधिक. क्रमांक आणि तारीख यांच्या जोड्या आलेखावर मांडल्या तर जी वक्ररेषा निघते तिचा चढ ठिकठिकाणी मोजावा लागतो. दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा ओढून गती सांगणे हे आळसाचे काम.

या साऱ्या अडचणींचा एकत्र प्रत्यय पाहावयाचा असेल तर येना येथील कार्ल झाइसचा कारखाना पाहावा. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने येना घेतले आणि जुलैमध्ये ठरल्याबरहुकूम ते सोव्हिएत फौजांच्या स्वाधीन केले. परंतु त्याआधी झाइस आणि शॉट या दोन कारखान्यांतील शंभराहून अधिक शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ पश्चिमेस हलविले, आणि त्यांच्यापासून ओबरकोखन येथे दुसरे झाइस उभे राहिले. १९४६ च्या ऑक्टोबरात सोव्हिएतांनी येनातील यंत्रसामग्रीचा मोठा भाग आणि अनेक तज्ज्ञ पूर्वेस नेले. एका नावाचे दोन कारखाने, दोन स्वतंत्र मालिका, येनाची जुनी मालिका मात्र मोडक्या कारखान्यात पुढे चालू, आणि तिच्यातल्या काही भिंगांची काच युद्धापूर्वी घासलेली, चौकट युद्धानंतरची. १९४५ च्या आगेमागे पडलेल्या क्रमांकांवरून त्या वर्षाच्या उत्पादनाची गती काढू पाहणाऱ्याला प्रत्येक नगाबाबत विचारावे लागते, की क्रमांक केव्हा राखला, काच केव्हा घासली आणि कडे केव्हा बसविले. आणि या तिन्ही तारखांत एखादे वेळी एका राजवटीचे अंतर असते.

येनाच्या बाबतीत अभ्यासकांचे सुदैव एवढेच, की तेथील उत्पादनाच्या नोंदवह्या पूर्णपणे नष्ट झाल्या नाहीत. हार्टमुट थीले यांनी त्यांच्या आधारे झाइसच्या छायाचित्र-भिंगांच्या खेपांची जी विस्तृत फेरिस्त छापून प्रसिद्ध केली, तिच्यात क्रमांकांचे गट, भिंगाची जात आणि नगसंख्या ओळीने वाचता येतात, आणि संग्राहकांच्या याद्यांवरून केलेल्या अनुमानांची तीवरून रुजवात घेता येते. जेथे अशी फेरिस्त आहे तेथे सूत्राचे काम संपले, असे मात्र समजू नये; खेप मंजूर झाली आणि खेप पुरी झाली यांतील फरक वहीला नेहमी ठाऊक नसतो, आणि मंजूर झालेल्या एक हजारांच्या गटात प्रत्यक्ष आढळलेले क्रमांक पहिल्या चारशेंतच दाटलेले दिसले, तर उरलेले सहाशे कधी घडलेच नसावेत, असे वहीविरुद्ध सांगण्याचा अधिकार या अनुमानालाच आहे.